रुळावर काही खटकलं तर १३९ किती कामाचा? नाशिक पट्ट्यासाठी परीक्षण

रेल्वेचा १३९ हा क्रमांक बहुतेकांना माहीत असतो तो गाडी किती लेट आहे हे विचारण्यापुरता. इथे तो वेगळ्या कामासाठी तपासला आहे. देवळाली, नाशिक रोड, ओढा, निफाड, लासलगाव या पट्ट्यात रुळाला लागून राहणाऱ्या, रुळाकडेला द्राक्षबाग किंवा कांद्याचं वावर असलेल्या, रोज फाटक ओलांडणाऱ्या माणसाला रुळावर काही खटकलं, तर हा क्रमांक आणि त्याच्या जोडीचं रेल मदद हे रेल्वेचं तक्रारींचं ॲप कितपत उपयोगी पडतं?

निकाल आधीच सांगतो. गाडीत बसलेल्या प्रवाशाला सुरक्षेची तक्रार द्यायला १३९ उत्तम आहे. रुळाजवळ काही संशयास्पद दिसलं, त्याची नोंद व्हावी आणि तपासाला धागा मिळावा, यासाठीही चांगला आहे. पण पाच मिनिटांत येणारी गाडी थांबवायची असेल तर पहिला फोन म्हणून तो पुरत नाही. पाचपैकी गुण द्यायचे तर पहिल्या कामाला साडेचार, दुसऱ्याला साडेतीन, तिसऱ्याला दोन. हे गुण कशावरून दिले ते कळायला घातपाताच्या तपासात हाताला काय लागतं आणि काय निसटतं ते आधी पाहायला हवं. त्यासाठी उकल न झालेल्या प्रकरणाइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही.

९ ऑक्टोबर १९९५. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात पालो व्हर्डेजवळच्या वाळवंटात मध्यरात्र उलटल्यावर सनसेट लिमिटेड ही मायामीहून लॉस एंजेलिसला निघालेली ॲमट्रॅक या अमेरिकी प्रवासी रेल्वे कंपनीची गाडी घसरली. गाडीत २४८ प्रवासी आणि २० कर्मचारी होते. बारापैकी आठ डबे रुळावरून उतरले आणि त्यातले चार पुलावरून सुमारे ३० फूट खाली, कोरड्या ओढ्यात गेले. शयनयानात काम करणारा एक कर्मचारी दगावला, ७८ जण जखमी झाले. तपासात दिसलं की रूळ स्लीपरला, म्हणजे रुळाखालच्या आडव्या तुळईला, धरून ठेवणारे २९ खिळे काढलेले होते. रूळ जागचा हलूनही सिग्नलयंत्रणेला त्याचा पत्ता लागला नव्हता, म्हणजे तीही तजवीज आधीच केलेली होती. चालकाला पुढचा रस्ता मोकळाच दिसत होता.

घटनास्थळी एका टंकलिखित चिठ्ठीच्या चार प्रती सापडल्या. खाली सही होती ‘सन्स ऑफ द गेस्टापो’. मजकुरात एफबीआय आणि एटीएफ या केंद्रीय यंत्रणांवर राग होता; १९९२ मध्ये रुबी रिज इथे आणि १९९३ मध्ये वेको इथे या यंत्रणांनी घातलेल्या, माणसं दगावलेल्या वेढ्यांचा उल्लेख होता. त्याच वर्षी १९ एप्रिलला ओक्लाहोमा सिटीत सरकारी इमारत स्फोटाने उडवून १६८ माणसं मारली गेली होती. त्यामुळे सगळा देश साहजिकच सरकारविरोधी सशस्त्र टोळ्यांकडे बोट दाखवू लागला. पण या नावाची टोळी ना त्याआधी कुणी ऐकली होती, ना त्यानंतर कुठे दिसली. एफबीआयने तपासाला ‘स्प्लिटरेल’ असं सांकेतिक नाव दिलं. २०१५ मध्ये ३,१०,००० डॉलरचं बक्षीस जाहीर केलं. गुन्हेगार सापडलेला नाही.

हेतूबद्दलच्या शक्यता नीट मांडून पाहिल्या की अडचण कुठे आहे ते कळतं. पहिली शक्यता, चिठ्ठी खरी धरायची: राजकीय सूड. मग एकच वार करून ही माणसं कायमची गप्प का बसली? ज्याला आपलं म्हणणं जगाला ऐकवायचं असतं तो पुन्हा बोलतो. दुसरी, रेल्वेच्या आतलं किंवा रेल्वेतून बाहेर पडलेलं कुणी. हे काम करणाऱ्याला रुळाची बांधणी आणि सिग्नलची जोडणी दोन्ही कळत होत्या, हे उघड आहे. तो मार्ग सदर्न पॅसिफिक कंपनीचा होता आणि ऑगस्ट १९९५ मध्येच ती कंपनी युनियन पॅसिफिकमध्ये विलीन होणार असल्याचं जाहीर झालं होतं. अशा वेळी नोकऱ्यांची धास्ती आणि राग असतोच. मग चिठ्ठी ही निव्वळ दिशाभूल ठरते. पण रुळाचं ज्ञान कर्मचाऱ्यांपुरतंच असतं असंही नाही. रेल्वेचा नाद असलेल्या माणसालाही ते असू शकतं. तिसरी शक्यता नकलेची. १२ ऑगस्ट १९३९ ला नेवाडा राज्यात हार्नीजवळ ‘सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को’ ही गाडी हम्बोल्ट नदीच्या पुलापाशी अशीच घसरवली गेली. २४ माणसं गेली, शंभराहून अधिक जखमी झाली, आणि तिथेही गुन्हेगार कधी मिळाला नाही. तोही मार्ग सदर्न पॅसिफिकचाच. दोन्ही घटनांमधलं साम्य इतकं आहे की जुनं प्रकरण अभ्यासून कुणी हे केलं असेल, ही शंका जात नाही.

आमचं झुकतं माप दुसऱ्या आणि तिसऱ्या शक्यतेच्या मध्ये कुठेतरी आहे: तांत्रिक माहिती असलेला, वैयक्तिक राग धरून बसलेला एखादा माणूस किंवा दोघं-तिघं, आणि चिठ्ठी मागाहून चढवलेला मुखवटा. हा अंदाजच आहे, पुरावा नाही. पण परीक्षणासाठी महत्त्वाचा मुद्दा निराळा आहे. हेतूवर तीस वर्षं चर्चा होऊनही तपास हलला नाही, कारण आदल्या काही तासांत त्या जागी कोण होतं, कुठलं वाहन थांबलं होतं, हे सांगणारा बाहेरचा डोळाच तिथे नव्हता. वाळवंटात माणूस नव्हता. आपल्याकडे ओढा ते लासलगाव रुळाच्या दोन्ही बाजूंना माणूसच माणूस आहे. रात्री पाण्याची मोटर चालू करायला निघालेला शेतकरी, पहाटेचा दूधवाला, बागेचा राखणदार. यांना दिसलेलं रेल्वेपर्यंत वेळेत आणि नेमकं पोचतं का, हाच १३९ चा खरा कस.

आपल्या देशातलं सर्वांत भीषण उदाहरण नाशिकवरून जाणाऱ्या गाडीचंच आहे. हावड्याहून कुर्ल्याला येणारी ज्ञानेश्वरी एक्सप्रेस २८ मे २०१० ला रात्री एकच्या सुमारास पश्चिम बंगालमध्ये सरडिहाजवळ घसरली. सुरुवातीला स्फोट झाल्याचं बोललं गेलं. पुढे तपास रूळ आणि त्याची जोडणी उखडल्याच्या दिशेने गेला आणि सीबीआयने आरोपपत्र दाखल केलं. मृतांचा आकडा दीडशेच्या आसपास पोचला. त्यातले बहुतेक मृत्यू पहिल्या घसरणीत झालेले नाहीत. घसरलेले डबे शेजारच्या मार्गावर पडले आणि समोरून आलेली मालगाडी त्यांच्यावर आदळली. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण फोनवर काय सांगायचं त्यात तिचा थेट उपयोग आहे.

दुसरं उदाहरण अगदी उलट दिशेचं. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरतजवळ किम स्टेशनपाशी रुळाच्या क्लिपा (रूळ स्लीपरला पकडून ठेवणारे चाप) आणि फिशप्लेट (दोन रूळ जोडणाऱ्या पट्ट्या) काढून ठेवल्याचं रेल्वेच्याच कर्मचाऱ्यांनी ‘शोधून’ कळवलं. त्यांचं कौतुक सुरू झालं आणि दोनच दिवसांत ज्यांनी कळवलं त्यांनाच अटक झाली. आधीची गाडी त्या जागेवरून सुखरूप गेल्याची वेळ आणि ‘शोध’ लागल्याची वेळ यांच्यामध्ये एवढं काम उरकायला सवडच नव्हती, आणि मोबाइलमधल्या फोटोंच्या वेळाही जुळेनात. पोलिसांनी सांगितलेला हेतू होता शाबासकी आणि रात्रपाळी चालू राहणं. घातपात म्हटला की आपण अतिरेकी डोळ्यासमोर आणतो; इथे कारण ड्युटीच्या वेळापत्रकात निघालं. याशिवाय भंगारासाठी लोखंड चोरणारे असतात, रुळावर दगड ठेवून गंमत पाहणारी पोरं असतात. रुळाजवळ उभ्या असलेल्या माणसाने हेतू ओळखायच्या भानगडीत पडूच नये. त्याने जागा, वेळ आणि दिसलं ते सांगावं.

आता वेळेचं गणित. ताशी ११० किलोमीटरने जाणारी गाडी मिनिटाला १.८ किलोमीटर कापते. भरधाव गाडी थांबायला किलोमीटरभर अंतर सहज लागतं. म्हणून रेल्वेच्या नियमात अडथळ्यापासून ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन फटाके, म्हणजे चाकाखाली वाजणारे डिटोनेटर, लावायला सांगितलं आहे. चालकाला अडथळा डोळ्यांनी दिसतो तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. सूचना त्याच्यापर्यंत स्टेशन मास्तराच्या सिग्नलने किंवा वॉकीटॉकीनेच पोचायला हवी.

१३९ वर केलेला फोन हा रस्ता कसा कापतो ते बघा. फोन लागला की भाषा निवडायची; बारा भाषांची सोय आहे. मग सुरक्षा आणि वैद्यकीय मदतीसाठी १ दाबायचा. तिथे थेट कॉल सेंटरचा माणूस मिळतो. मेनूत हरवलात तर फुलीचं (*) बटण दाबूनही माणूस मिळतो. तो माहिती लिहून घेतो आणि संबंधित विभागाच्या सुरक्षा नियंत्रण कक्षाकडे पाठवतो. आपल्याकडे हा विभाग भुसावळचा. इगतपुरीपासून खाली घाटाकडे मुंबई विभाग. तिथून त्या पट्ट्यातल्या गाड्या चालवणारा सेक्शन कंट्रोलर, तिथून लगतच्या दोन स्टेशनांचे मास्तर, आणि मग सिग्नल. साखळी बरोबर आहे, पण कड्या बऱ्याच आहेत. प्रत्येक कडीला ‘नक्की कुठे?’ हा प्रश्न पुन्हा विचारला जातो आणि उत्तर मोघम असेल तर तिथेच वेळ जातो. गाडीतून केलेल्या तक्रारीत हा घोळ होत नाही. पीएनआर सांगितला की गाडी, डबा, बर्थ सगळं यंत्रणेला कळतं, आणि पुढच्या स्टेशनवर आरपीएफचा, म्हणजे रेल्वे सुरक्षा बलाचा, जवान डब्याशी येऊ शकतो. साडेचार गुण त्यासाठी आहेत. रुळाकडेला उभ्या माणसाकडे पीएनआर नसतो. त्याला आपली जागा स्वतःच सांगावी लागते, आणि ‘निफाडच्या अलीकडे, मोठ्या लिंबाजवळ’ हा पत्ता भुसावळच्या कंट्रोलमध्ये काही कामाचा नाही.

जागा सांगण्याची रेल्वेची स्वतःची पद्धत आहे आणि ती प्रत्येकाने शिकून ठेवावी, इतकी सोपी आहे. रुळाकडेच्या विजेच्या खांबांवर एकाखाली एक दोन आकडे रंगवलेले असतात. वरचा आकडा किलोमीटरचा, खालचा त्या किलोमीटरमधल्या खांबाचा. नाशिक रोड मुंबईपासून सुमारे १८८ किलोमीटरवर आहे, तेव्हा आसपासच्या खांबांवर १८० आणि १९० च्या घरातले आकडे दिसतील. खांब साधारण ५० ते ७० मीटरवर असतात, म्हणजे खांबाचा आकडा सांगितलात की जागा तेवढ्या अंतरात पक्की झाली. आकडा वाचायला रुळात जायची गरज नाही, कडेच्या पायवाटेवरूनही दिसतो. अंधारात टॉर्च खांबावर मारा. खांबाला हात लावू नका, वर २५ हजार व्होल्टची तार आहे.

मार्ग कुठला तेही सांगावं लागतं. मध्य रेल्वेत मुंबईकडे जाणारा तो अप, मुंबईकडून मनमाडकडे येणारा तो डाऊन. अप-डाऊनमध्ये गोंधळ होत असेल तर सरळ ‘मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांचा रूळ’ असं म्हणा. आणि ज्ञानेश्वरीची आठवण ठेवून शेजारच्या रुळाचंही सांगा: तो मोकळा आहे, की त्यावरही काही आलं आहे. गाडी आधीच घसरली असेल तर हे वाक्य सगळ्यात आधी बोला: ‘दुसऱ्या लाइनवर डबे पडलेत, तिकडची गाडी थांबवा.’ घसरलेल्या गाडीचा चालकही त्यासाठी इंजिनावरचा लुकलुकणारा पिवळा दिवा लावतो. तो दिसला की समोरून येणाऱ्या चालकाने थांबायचं असतं.

फोनवरचं पूर्ण बोलणं असं असावं: ‘कसबे सुकेणे आणि निफाडच्या मध्ये, खांब अमुक बाय अमुक, मनमाडकडे जाणारी लाइन, रुळावर लोखंडी वस्तू आडवी पडली आहे, दुसरी लाइन मोकळी आहे, शेवटची गाडी दहा मिनिटांपूर्वी मुंबईकडे गेली, मी तीस पावलांवर उभा आहे, माझा नंबर हा.’ वीस सेकंदांत होतं. ‘घातपात झालाय’ असं सुरुवातीलाच म्हणू नका. त्या शब्दाने ऐकणाऱ्याचं लक्ष जागेवरून उडतं.

पण गाडी यायची वेळ झाली असेल तर १३९ च्या आधी फाटक. जिथे फाटक उरलं आहे तिथल्या गेटमनकडे स्टेशनशी थेट जोडलेला फोन असतो. त्याची एक रिंग कॉल सेंटरच्या पाच मिनिटांच्या बोलण्याला भारी आहे. स्टेशन जवळ असेल तर मास्तर. दोघं असाल तर एकाने मोटारसायकलवर फाटक किंवा स्टेशन गाठावं आणि दुसऱ्याने जागेवरून १३९ लावावा. फोन लागत नसेल तर ११२ हा आणीबाणीचा क्रमांक. गाडी दिसलीच तर रुळापासून बाजूला, चालकाला दिसेल अशा जागी उभं राहून दोन्ही हात डोक्यावर सरळ वर धरा, तळवे गाडीकडे. रात्री कुठलाही दिवा, मोबाइलचा टॉर्चसुद्धा, अंगासमोर आडवा जोरजोरात हलवा. हे धोक्याचे ठरलेले इशारे आहेत आणि चालक ते ओळखतो. दिवा लाल असला तर उत्तम, पण लाल कापड शोधायला घरी पळू नका. अडथळा स्वतः उचलायला रुळात उतरू नका, मग तो कितीही हलका दिसो. वस्तू काय आहे ते तुम्हाला माहीत नसतं, आणि मागच्या बाजूने येणारी गाडी वळणावर ऐकू येत नाही.

काय खटकायला हवं आणि काय नाही, यावरही बराच वेळ वाचतो. दोन रुळांच्या मध्ये किंवा कडेला आडवे पडलेले लांब रूळ दिसले तर घाबरू नका. ते बदलीसाठी आणून ठेवलेले असतात. रुळाला जोडलेल्या तारा आणि जाड पट्ट्यांचे जोड हे सिग्नल आणि विजेच्या कामाचे असतात. नारिंगी जॅकेट घातलेली गँग, लाल कापडी फलक आणि ढिगाने काढून ठेवलेल्या क्लिपा, हे चालू काम. मुख्य मार्गावर किलोमीटरला साधारण १६६० सिमेंटचे स्लीपर, प्रत्येकाला चार क्लिपा, म्हणजे ६६४० क्लिपा होतात. चावीवाला, म्हणजे कीमन, रोज चालत जाऊन त्या तपासतो आणि सैल झालेली ठोकून बसवतो. एखादी निघालेली दिसली तर सांगावं जरूर, पण ती आणीबाणी नाही.

आणीबाणी ही: सलग स्लीपरांवरच्या क्लिपा गायब; रुळाच्या जोडाच्या पट्ट्या किंवा बोल्ट काढून बाजूला ठेवलेले; रूळ सरळ रेषेतून हटलेला; रुळावर ठेवलेला सिलिंडर, ओंडका, सिमेंटचा तुकडा किंवा लोखंड; जॅकेट नाही, फलक नाही, पण रात्री हत्यारं घेऊन रुळाशी बसलेली माणसं; आणि रूळ तुटलेला. शेवटची गोष्ट आपल्याकडे हिवाळ्यात विशेष लक्षात ठेवायला हवी. निफाडचा पारा राज्यात सगळ्यात खाली जाणाऱ्यांपैकी असतो. लांबच लांब वेल्ड केलेला रूळ थंडीत आकसू पाहतो, त्याला आकसता येत नाही, ताण साठतो, आणि वेल्डजवळ कुठे जुना दोष असेल तर पहाटे तिथे तडकतो. चकचकीत ताजी उभी फट दिसते. हा घातपात नव्हे, पण गाडीला धोका तोच. एप्रिल-मेच्या दुपारी उलटं होतं: रूळ प्रसरण पावून बाजूला वाकू शकतो. दोन्ही ऋतूंत रेल्वेची खास गस्त असते, तरी दोन गस्तींच्या मधला वेळ उरतोच. आणि सिग्नल हिरवा आहे म्हणजे रूळ धडधाकट आहे, असं समजू नका. पालो व्हर्डेचा सगळ्यात कडू धडा तोच.

रेल मदद ॲपकडे वळू. मोबाइल क्रमांक टाकून ओटीपी घ्यायचा, मग तक्रार गाडीबद्दल आहे की स्टेशनबद्दल ते निवडायचं, प्रकार निवडायचा, मजकूर लिहायचा, फोटो जोडायचा. रचना प्रवाशासाठी केलेली आहे. दोन स्टेशनांच्या मधल्या रुळासाठी स्वतंत्र दार नाही, खांबाच्या आकड्याचा रकाना नाही. जवळचं स्टेशन निवडून, प्रकारात सुरक्षा घेऊन, मजकुराच्या पहिल्याच ओळीत खांबाचा आकडा टाकणं हाच मार्ग. म्हणून तातडीच्या कामाला ॲप वापरूच नये. फोन झाल्यावर फोटो पाठवायला आणि तक्रारीचा क्रमांक मिळवायला मात्र ते चांगलं आहे. तो क्रमांक जपून ठेवा. पुढे तपासात ‘ही माहिती किती वाजता मिळाली’ हे त्याच्यावरून ठरतं.

फोटोबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण किमच्या प्रकरणात फोटोंच्या वेळांनीच सगळं फिरवलं. मूळ फोटो मोबाइलमधून पुसू नका, कापू नका, त्यावर काही लिहू नका. गटागटांत फिरवू नका; फिरवलेल्या प्रतीत वेळ आणि जागेची माहिती बहुधा उरत नाही, आणि गावभर अफवा उठते ती वेगळीच. एक फोटो लांबून, खांबाचा आकडा दिसेल असा. एक जवळून, झूम करून, रुळाबाहेर उभं राहूनच. कडेच्या मातीत पावलांच्या किंवा टायरच्या खुणा असतील तर त्या तुडवू नका. काढून ठेवलेला बोल्ट ‘पुरावा’ म्हणून खिशात घालू नका. त्यावरचे ठसे जातात, आणि रेल्वेचं सामान जवळ बाळगणं हा १९६६ च्या कायद्याखाली वेगळा गुन्हा आहे.

पोलीस कुठले, यावरही लोकांची गल्लत होते. १३९ ची तक्रार जाते आरपीएफकडे. घातपाताचा गुन्हा नोंदवून तपास करतात ते राज्याचे लोहमार्ग पोलीस. त्यांचं ठाणं नाशिक रोडला आहे आणि मदत क्रमांक १५१२. माणसं पाहिली असतील, गाडीचा नंबर वाचला असेल, तर १३९ वर थांबू नका. १५१२ ला किंवा ठाण्यात जाऊन जबाब द्या. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १५० मध्ये गाडी उलथवण्याच्या हेतूने रुळावर काही ठेवणं, रूळ काढणं किंवा सैल करणं याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. तसा हेतू नसतानाही जाणूनबुजून प्रवाशांच्या सुरक्षेला धोका पोचवला तर कलम १५३ खाली पाच वर्षांपर्यंत. रुळावर दगड रचणाऱ्या पोरांच्या आईबापांनी हे एकदा वाचावं. आणि स्वतः रुळात विनाकारण फिरणं हाही कलम १४७ खाली गुन्हा आहे, म्हणून फोटो काढायलासुद्धा कडेनेच जा.

दुसऱ्या कामाचे, म्हणजे नोंदीचे, दीड गुण कापले आहेत ते जागेच्या रकान्यासाठी आणि दोन यंत्रणांमध्ये नागरिकालाच धावावं लागतं यासाठी. तिसऱ्या कामाचे तीन कापले ते मधल्या कड्यांसाठी. दोन्ही सुधारता येण्यासारखं आहे आणि त्यासाठी काही मोठा खर्च लागत नाही. २०२७ च्या सिंहस्थात या मार्गावर जादा गाड्या धावतील, रात्रीच्या दोन गाड्यांमधलं अंतर कमी होईल, रुळाकडेला मुक्काम करणारेही वाढतील. त्याआधी ॲपमध्ये ‘रुळाजवळून’ असं तिसरं दार आणि खांबाचे दोन आकडे टाकायची जागा हवी. रुळाला भिडलेल्या प्रत्येक गावाच्या ग्रामपंचायतीत आणि पोलीस पाटलाकडे लगतच्या दोन स्टेशन मास्तरांचे फोन क्रमांक लिहिलेले हवेत. खांबावरचे पुसट झालेले आकडे पुन्हा रंगवलेले हवेत. काही ठिकाणी ते दिवसाही वाचता येत नाहीत. आपल्या घराच्या, बागेच्या समोरच्या खांबाचा आकडा मात्र कुणाची वाट न पाहता आजच बघून फोनमध्ये लिहून ठेवता येईल, आणि त्याच्या खाली जवळच्या फाटकाचा गेट क्रमांक.